मदत हवी आहे: ५२ व्या वर्षी राजीनामा मागून राहिले, सही करू का?

स्टोअरवाला
नमस्कार मंडळी. हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये १९ वर्षं झाली. मंगळवारी एचआरच्या मॅडमनी बोलावलं, चहा मागवला (१९ वर्षांत पहिल्यांदा) आणि म्हणाल्या, "काका, आता सगळं सॉफ्टवेअरवर जातंय, आम्हाला यंग टीम हवी." समोर टाइप केलेला राजीनामा. ‘वैयक्तिक कारणास्तव’, तारखेची जागा कोरी. घरी विचारतो म्हणून कागद खिशात घालून आलो. दोन वर्षांपूर्वी आलेली दोन पोरं मात्र राहणार. त्यांना बिन कार्ड (मालाच्या आवक-जावकीची नोंद) लिहायला मीच शिकवलं.

मुलगा म्हणतो, बाहेरच्या देशांत वयावरून काढता येत नाही. आपल्याकडे असा कायदा आहे का? काही समजून नाही राहिलं.

बर्डीकर
काका, सही करू नका. बाकी सगळं नंतर.

मुलाचं खरं आहे. अमेरिकेत १९६७ पासून चाळीस आणि पुढच्यांसाठी स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. घटनेच्या कलम १५ आणि १६ च्या यादीत धर्म, जात, लिंग आहे, वय नाही. कलम १४ ची समानता खासगी मालकाविरुद्ध चालत नाही. नुसतं "वयामुळे काढलं" म्हणून भांडाल तर हाती काही लागायचं नाही.

तुमचा हुकमाचा पत्ता ती दोन पोरं. कपात करताना त्या कामावर शेवटी आला तो आधी जातो. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. उलटं करायचं तर मालकाला कारण नोंदवावं लागतं. शिवाय महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. राजीनामा दिलात की कपात झालीच नाही, तुम्हीच गेलात. तो चहा त्यासाठीच.

पण हे ‘कामगारा’लाच लागू. ओळखपत्रावर काय लिहिलंय?

स्टोअरवाला
स्टोअर सुपरवायझर. बेसिक-डीए मिळून २६,०००.

बर्डीकर
इथंच गोम आहे. सुपरवायझरचा पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की तो ‘कामगार’ धरला जात नाही, नव्या संहितेत ती मर्यादा १८,०००. मात्र कोर्ट पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघतं. पोरांची रजा तुम्ही मंजूर करता?

स्टोअरवाला
कशाची रजा बाप्पा! चलान लिहितो, माल मोजतो, गाडी आली की गोण्या उतरवायला हात लावतो.

तर्रीपोहा
मग तेच दाखवणारे कागद सांभाळा, तुमच्या अक्षरातले. तो बिनसहीचा राजीनामाही परत देऊ नका.

ग्रॅच्युइटी वेगळी बरं का. ती सुपरवायझरलाही मिळते, राजीनामा दिला तरी. २६,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १९ म्हणजे २,८५,०००. तीच ‘पॅकेज’ म्हणून पुढे करतील. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगाराला तिथं मोफत मिळतो.

स्टोअरवाला
आज सांगून आलो, काढायचं तर लेखी काढा. मॅडमनी तो कागद परत मागितला. घरी राहिला म्हटलं. दोन झेरॉक्स काढून एक साळ्याकडे ठेवली आहे. सोमवारी विधी सेवावाल्यांकडे जातो, काय म्हणतात ते इथंच लिहीन.