'इन्ट्यूशन'ला मराठीत काय म्हणावं? (परिचारिकांच्या पुस्तिकेसाठी हवंय)

गारवेल
नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नव्याने येणाऱ्या परिचारिकांसाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. त्यात एक प्रकरण 'क्रिटिकल थिंकिंग' आणि 'इन्ट्यूशन' या जोडीवर आहे. पहिल्यासाठी सध्या 'चिकित्सक विचार' घेतलाय. दुसऱ्यापाशी अडले. अंतःप्रेरणा, अंतर्ज्ञान, सहजस्फूर्ती हे शब्द माहीत आहेत, पण मजकूर वेगळंच सांगतो. अनुभवी सिस्टर बाळाकडे बघते आणि म्हणते, याचं काहीतरी बिनसलंय. रक्ताचा रिपोर्ट तोवर चांगला असतो, जंतुसंसर्ग नंतर निघतो. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांच्या सहकारी बेथ क्रँडल यांनी अशा सिस्टरांना खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की त्वचेच्या रंगातला फरक, मरगळ, दूध पिण्यातला बदल अशा बारीक खुणा त्यांना एकत्र दिसत होत्या. 'अंतःप्रेरणा' लिहिलं तर शिकाऊ मुलीला वाटेल, ही देवाची देणगी, मला कुठून येणार? शब्दात अनुभव दिसायला हवा.

सागवान
'प्रातिभज्ञान' घ्या. योगसूत्रांत 'प्रातिभाद्वा सर्वम्' आलंय, शब्दाला परंपरा आहे. शिवाय त्यातून पुढचे शब्द निघतात: प्रातिभ निर्णय, प्रातिभ आकलन. परिभाषेसाठी बोलीतला शब्द तोकडा पडतो, कारण त्याला विशेषण करायला गेलं की तो मोडतो.

माळरान
सागवान, त्या सूत्रात ती योग्याची सिद्धी आहे. गारवेलताईंना नेमकं तेच टाळायचंय. आमच्या सांगोल्याकडे जनावरांच्या बाजारात म्हातारी माणसं बैलाला चार पावलं चालवून बघायची आणि घ्यायचा की सोडायचा ते ठरवायची. कसं ओळखलं विचारलं तर म्हणायची, 'अदमास' किंवा 'आडाखा'. बैल घेणं हा शेतकऱ्याच्या घरात लहान निर्णय नव्हे. मला आडाखा योग्य वाटतो.

ओसरी
आडाखा पुढच्या गोष्टीचा असतो. पावसाचा आडाखा, निवडणुकीचा आडाखा. सिस्टरला जे कळतं ते आत्ताचं, समोरचं. माझं मत 'पारख'. हा शब्द मुळात 'परीक्षा'च आहे, प्राकृतातून येताना झिजलेला. हजारदा परीक्षा केली की तिच्या पायऱ्या दिसेनाशा होतात आणि उरते ती पारख. म्हणून चिकित्सा एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला अशी जी लढत मूळ मजकूर लावतो, तीच मला पटत नाही. भाषेने ती लावलेली नाही.

गारवेल
पारख फार आवडला. पण आपण सोन्याची, कापडाची, माणसांची पारख करतो, म्हणजे गुणाची. 'धोक्याची पारख' जेमतेम चालेल, 'जंतुसंसर्गाची पारख' कानाला टोचतं. एका मैत्रिणीने 'अनुभवी नजर' सुचवलं. पण बाळांच्या वॉर्डात 'सिस्टरची नजर' असं कोणी म्हटलं की बाहेर बसलेल्या आजीला दृष्ट आठवते, मीठमोहऱ्या आठवतात. तो शब्द मी छापू शकत नाही.

तळ्याकाठी
मला 'चिकित्सक'बद्दल जास्त काळजी वाटते. घरात कोणाला चिकित्सक म्हणतात? भाजीत, स्थळात, पाहुण्यात खोट काढणाऱ्याला. आणि रुग्णालयात तर चिकित्सा म्हणजे उपचार. दारावर 'जिल्हा शल्यचिकित्सक' अशी पाटी असते. शिकाऊ परिचारिका 'चिकित्सक विचार' वाचून म्हणेल, हे डॉक्टरांचं काम. तिथे 'विवेक' किंवा 'सारासार विचार' घ्या.

सागवान
दोन्ही अर्थ जुने आहेत. 'कित्' धातूला 'सन्' प्रत्यय लागून चिकित्सा होतं, पाणिनीचं 'गुप्तिज्किद्भ्यः सन्' हे सूत्रच आहे. रोग हटवणं हा एक अर्थ. आणि 'विचिकित्सा' म्हणजे संशय, कठोपनिषदात नचिकेत मेलेल्या माणसाविषयी जी शंका विचारतो ती. घरातल्या वापरामुळे चांगला शब्द सोडून देऊ नये.

ओसरी
घरातला वापर हाच वापर असतो, सागवान. पुस्तिका नचिकेताला द्यायची नाही.

आणि तळ्याकाठी, विवेक तर मुळीच नको. 1969 ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक आठवा. इंदिरा गांधींनी विवेकबुद्धीनुसार मत द्या असं आवाहन केलं, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी हरले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. हिंदीत त्यालाच 'अंतरात्मा की आवाज' म्हणत. 2004 मध्ये सोनिया गांधींनी पंतप्रधानपद नाकारताना सांगितला तो 'आतला आवाज'. एका जागी विवेक आणि आतला आवाज एकच. या प्रकरणात ते एकमेकांसमोर उभे केले तर वाचणारी गोंधळेल.

माळरान
यावर तुकोबांचं बघा: 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता'. लोक हा चरण आतल्या आवाजाच्या बाजूने वापरतात. मला तो तसा वाटत नाही. ग्वाही म्हणजे साक्ष. साक्षीदार निकाल देत नाही, त्याला प्रश्न विचारावे लागतात. मनाला साक्षीला उभं करणं वेगळं आणि मनाला न्यायाधीश करणं वेगळं. माझ्या मोठ्या भावाने 'मन सांगतंय' म्हणून जमीन विकली. त्या व्यवहाराची त्याला काडीची सवय नव्हती, मन कुठल्या आधारावर सांगत होतं?

गारवेल
माळरान, पुस्तिकेतही हेच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांचा आतल्या आवाजावर विश्वास नव्हता, क्लाइन यांचा होता. दोघांनी मिळून 2009 मध्ये एक निबंध लिहिला. त्यात ते बरेचसे एकमतावर आले: जिथे परिस्थितीत नियमितपणा आहे आणि आपण बरोबर होतो की चूक ते लवकर आणि स्पष्ट कळतं, तिथेच असा अंदाज भरवशाचा. सिस्टरला रोज उत्तर मिळतं. शेअर निवडणाऱ्याला तसं मिळत नाही. म्हणून मला 'आतून वाटणं' सुचवणारा कुठलाच शब्द नकोय.

खाडीपलीकडे
उशिरा येतोय. 'मनाचा कौल' का नको? आमच्या सिंधुदुर्गात अजून घर बांधायचं, सोयरीक करायची, तर देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या लावायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं, उजवा पडला तर होकार. पण बाहेरच्यांना वाटतं तसं ते डोळे मिटून नसतं. प्रश्न काय घालायचा यावर घरात आधी रात्र रात्र वाद होतो. चार पर्यायांतले दोन तिथेच गळतात.

सागवान
कौल अरबी आहे. बोल, वचन, अभय. शिवकाळात रयतेला कौल देत तोच. वैद्यकीय पुस्तिकेत देवळातला शब्द नको आणि परकाही नको.

माळरान
मग 'अंदाज'ही टाका, तो फारसी. तिरंदाज, गोलंदाज यांतला 'फेकणारा' तोच. 'ग्वाही'ही फारसी, ती तुकोबांच्या अभंगातून काढणार का? 'होरा' ग्रीक आहे, आणि जुना ज्योतिषी वराहमिहिर याने सांगितलेलं मत की 'अहोरात्र'ची दोन्ही टोकं गळून होरा झाला, ते मला जुळवलेलं वाटतं.

सागवान
होरा ग्रीकच असेल, पण तो संस्कृतात येऊन शास्त्राचा शब्द झाला. कौलाचं तसं झालं नाही.

खाडीपलीकडे
कसं नाही? 'जनतेचा कौल' दर निवडणुकीला पहिल्या पानावर असतो. तिथे देव नाही, गुरव नाही. शब्द आमच्या देवळातून बाहेर पडून कधीच सगळ्यांचा झालाय.

गारवेल
सध्या वाक्यांत क्रियापद घेतलंय: 'तिला जाणवलं', 'तिच्या लक्षात आलं'. वाक्यं छान बसतात. पण प्रकरणाच्या मथळ्याला नाम लागतंच. 'जाण' कसा वाटतो? 'चिकित्सा आणि जाण'?

तळ्याकाठी
खाडीपलीकडे, एक विचारायचं होतं. देवाचा तो कौल आणि छपराचं ते कौल, यांचा काही संबंध आहे का? लिंग वेगळं आहे म्हणजे शब्दही वेगळे असावेत. तुमच्याकडे छपराच्या कौलाला दुसरा काही शब्द आहे का?

खाडीपलीकडे
आमच्याकडे नळे म्हणतात, पण ती जुनी, अर्धगोल. सपाट ती मंगळुरी कौलं. आईला विचारून सांगतो.