हायब्रिड एमबीआरचा सल्ला देणं थांबवा

सेक्टरशून्य:
परवा इथे एकाने सल्ला दिला: "जीपीटी डिस्कवर जुनं विंडोज बूट करायचंय? जीडिस्क उघडा, आर दाबा, मग एच. हायब्रिड एमबीआर तयार, विषय संपला." खाली धन्यवादांची रांग. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी: एमबीआर (जुना) आणि जीपीटी (नवा) हे डिस्कवर कोणतं पार्टिशन कुठून कुठपर्यंत ते लिहून ठेवणारे तक्ते, जीडिस्क हा ते बदलायचा प्रोग्राम, आणि हायब्रिड म्हणजे एकाच डिस्कवर दोन्हींत खऱ्या नोंदी.

एमबीआर असतो डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे डिस्कचा सर्वांत लहान तुकडा), आणि त्याच्या तक्त्याच्या 64 बाइटांत चारच नोंदी मावतात. जीपीटीच्या नियमाने तिथे ईई प्रकाराची ('ही डिस्क जीपीटीची' सांगणारी) एकच हवी, अख्खी डिस्क व्यापणारी. हायब्रिडमध्ये ती आखडते आणि उरलेल्या तिनांत खरी पार्टिशनं पुन्हा लिहिली जातात. म्हणजे एकाच जमिनीचे दोन सातबारे. विंडोज एमबीआर वाचतं, मॅक जीपीटी, आणि लिनक्सला ईई दिसलं की तोही जीपीटीकडे वळतो. एकाने हद्द सरकवली तर दुसऱ्याला कळवणार कोण?

मामेभावाच्या मॅकबुकवर बूट कॅम्पने (मॅकवर विंडोज टाकायची ॲपलची सोय) विंडोज एक्सपी टाकलेलं. त्याने फोटोंसाठी मॅकमधूनच मध्ये एक पार्टिशन घुसवलं. विंडोज तिसऱ्या नंबरवरून चौथ्यावर गेलं, बूट.आयएनआयमध्ये (विंडोज कितव्या पार्टिशनवर ते सांगणारी फाइल) मात्र 3 तसाच. काळ्या स्क्रीनवर संदेश काय, तर एचएएल.डीएलएल सापडत नाही! तो बिचारा ती फाइल शोधत बसला.

लॅबवाला:
असहमत. ॲपलने 2006 मध्ये बूट कॅम्प आणलं ते याच पायावर, आणि लोकांनी वर्षानुवर्षं वापरलं. मध्ये पार्टिशन काढलं नसतं तर काही झालं नसतं. लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉलची तयार इमेज) पेनड्राइव्हवर डीडी करता ना, म्हणजे जशीच्या तशी उतरवता? तीही हायब्रिडच. मी तालुक्यातल्या शाळांच्या लॅब सांभाळतो. काही मशीनं फक्त बायोसवाली, काही यूईएफआय (मशीन चालू होताच आधी चालणारा प्रोग्राम; बायोस जुना, यूईएफआय नवा). माझा पेनड्राइव्ह दोन्हीकडे चालायलाच हवा.

कन्सोलकाकू:
आयएसओ यात ओढू नका. आयएसओ 9660 (त्या इमेजची आतली रचना) सुरुवातीचे 32 केबी मोकळे सोडतं, त्यात एमबीआर, जीपीटी आणि हवं तर ॲपलचा पार्टिशन मॅपही बसतो. ॲपलला पहिले दोन बाइट 'ईआर' हवेत. बायोस तेच बाइट कोड म्हणून चालवतो, आणि 45 52 म्हणजे एक्स86 प्रोसेसरला नुसतं इन्क बीपी, पुश डीएक्स, दोन निरुपद्रवी सूचना. कुणाचंच बिघडत नाही. ज्याला हे सुचलं त्याला मानलं! पण ती इमेज नंतर कुणी बदलत नाही, म्हणून टिकते. तरी कुरबुर आहेच: 4 जीबीची इमेज 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर गेली की जीपीटीची बॅकअप प्रत शेवटी नसते, मध्येच कुठेतरी राहते, आणि पार्टेड (पार्टिशनं बदलायचा प्रोग्राम) ओरडायला लागतं.

बायोस_पुरे:
मुळात ही मशीनं अजून कशाला? जुना बायोस मोड 2020 पर्यंत काढणार हे इंटेलने 2017 मध्येच सांगितलं होतं. डेबियन 13 ने 32 बिटांचा इन्स्टॉलरही बंद केला. द्या भंगारात.

लॅबवाला:
भंगारात द्या म्हणायला काय जातं? नवीन मशीन तुम्ही पाठवताय का? कोअर टू ड्युओ आहेत, 64 बिटांचं लिनक्स नीट चालतं, रॅम 4 जीबी केली की झालं. सातवीची मुलं त्यावर मराठी टायपिंग शिकतात, जिओजेब्रात त्रिकोण काढतात. एका मशीनवर दोन-दोन मुलं. हे बघायला एकदा या, मग बोला.

बायोस_पुरे:
वैयक्तिक होऊ नका. मीही खेड्यातल्याच शाळेत शिकलोय. देणगीत आलेली मशीनं आमच्याकडे प्लॅस्टिकखाली झाकून पडली होती. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेला की भाग मिळायचा नाही, आणि देणाऱ्याचा फोटो मात्र कार्यालयात लावलेला. शहरात नको झालं ते शाळेला, याची मला चीड आहे. गावातल्या पोरांनी उरलंसुरलंच का वापरायचं?

लॅबवाला:
ती चीड मलाही आहे. पण नवीन येईपर्यंत तास बंद ठेवू? एसएमपीएस मी स्वतः बदलतो. झाकलेली मशीनं हा सांभाळणाऱ्याचा दोष, बायोसचा नाही.

बायोस_पुरे:
तुमच्यासारखा माणूस प्रत्येक तालुक्यात नसतो, हेच तर म्हणतोय. तुमच्या लॅबपुरतं मागे घेतो. बाकी ठिकाणी मत तेच.

सेक्टरशून्य:
मूळ मुद्दा राहिला. बायोसवर जीपीटीवरून लिनक्स बूट करायला हायब्रिड लागतच नाही. 1 एमबीचं बायोस बूट पार्टिशन द्या, ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) तिथे बसतो. अडतं ते विंडोजचं, बायोस मोडमध्ये ते जीपीटीवरून उठत नाही.

लॅबवाला:
करून झालंय. काही मशीनं थेट 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणतात, कारण एमबीआरमध्ये एकही नोंद ॲक्टिव्ह (इथून बूट करा अशी खूण असलेली) नसते.

सेक्टरशून्य:
मग त्या ईईलाच ॲक्टिव्ह करा, ती खूण म्हणून 80 लिहा. नियमात बसत नाही आणि काही यूईएफआय त्यावर अडून बसतात, हे कबूल. पण निदान पार्टिशनांच्या हद्दी एकाच ठिकाणी राहतात.

लॅबवाला:
त्या मशीनांवर लावून बघतो. पेनड्राइव्हवरचा हायब्रिड मात्र काढणार नाही.

सेक्टरशून्य:
पेनड्राइव्हवर राहू दे, त्यात कुणाचा डेटा नाही. मुलांच्या फायली असलेल्या डिस्कवर आर-एच नको, एवढं ऐका.

कन्सोलकाकू:
आणि काहीही करण्याआधी पहिले 34 आणि शेवटचे 33 सेक्टर (एमबीआर, जीपीटी आणि तिची बॅकअप प्रत) डीडीने वेगळ्या ड्राइव्हवर काढून ठेवा. 512 चे सेक्टर धरून सांगतेय.