अनुभव धागा : नोकरीवरून काढलं होतं, हे पुढच्या मुलाखतीत कसं सांगायचं?

काढून टाकलेल्या माणसाला सल्ले भरपूर मिळतात. ‘खरं बोल’ म्हणणारे असतात, ‘अजिबात बोलू नकोस’ म्हणणारेही असतात. नेमकं कुठल्या शब्दांत आणि कुठले कागद हातात ठेवून बोलायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. भरती, पडताळणी किंवा कामगार कायद्याच्या कामात मुरलेल्यांनी इथे लिहावं. आपली कहाणी नको, उद्या मुलाखतीला जाणाऱ्याच्या कामी येईल ते हवं.

भरती विभाग, अंधेरी पूर्व

उत्तर तीन-चार वाक्यांत, एका मिनिटाच्या आत संपवा. आधी काय झालं, मग त्यात तुमचा भाग किती, आणि लगेच समोरच्या जागेकडे वळा. उदाहरणार्थ : “तिथे माझ्याकडे नवे ग्राहक आणण्याचं काम होतं. सलग दोन तिमाही टार्गेट झालं नाही, म्हणून मार्चमध्ये कंपनीने माझी सेवा संपवली. त्याआधी मी जुने ग्राहक सांभाळत होतो, आणि तुमच्या या जागेत मुख्य काम तेच आहे.” इथे थांबा.

हे थांबणंच जमत नाही. समोरची व्यक्ती खाली बघून टिपण घेत असते. उमेदवाराला ती शांतता संशयाची वाटते आणि तो मॅनेजरबद्दल बोलू लागतो. ‘त्यांच्याशी पटलं नाही’ म्हणालात की पुढचे प्रश्न त्या भांडणावर येतात, तुमचं काम बाजूला राहतं. म्हणून उत्तर घरी मोठ्याने म्हणून बघा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. आवाज कुठे पडतो ते कळतं आणि ते वाक्य बदलता येतं.

कन्सल्टन्सीमार्फत जात असाल तर खरं कारण त्यांनाही आधीच सांगा. नाहीतर ‘नोकरी सोडण्याचं कारण’ या रकान्यात ते स्वतःच ‘चांगल्या संधीसाठी’ लिहून टाकतात. तुम्ही मुलाखतीत खरं सांगता आणि खोटे ठरता तुम्हीच.

पार्श्वभूमी पडताळणी, ऐरोली

आम्ही जुन्या कंपनीच्या एचआरला ईमेल करतो. रुजू झाल्याची आणि शेवटच्या दिवसाची तारीख, पद, सोडण्याचं कारण, हिशेब बाकी आहे का, पुन्हा घ्याल का, एवढं विचारतो. पीएफची सेवा नोंदही बघितली जाते. त्यामुळे मधली चार महिन्यांची नोकरी बायोडेटातून गाळून फारसं साधत नाही. पीएफमध्ये नसली तरी टीडीएस कापला असेल तर आयकर खात्याच्या फॉर्म २६एएसमध्ये त्या कंपनीचं नाव दिसतं.

काढलं होतं ही नोंद अहवालात जाते, पण तेवढ्यावरून नोकरी जातेच असं नाही. घात होतो तो फॉर्मवर ‘राजीनामा’ आणि एचआरच्या उत्तरात ‘सेवासमाप्ती’ असं निघालं की. प्रश्नाचे शब्दही नीट वाचा. ‘कधी काढून टाकलं होतं का?’ आणि ‘कधी काढून टाकलं किंवा राजीनामा द्यायला सांगितलं होतं का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दबावाखाली राजीनामा दिलेल्याचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असंच येतं.

मुलाखतीआधी पीएफच्या मेंबर पोर्टलवर सेवा नोंद उघडून बघा. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ‘मॅनेज’खालच्या ‘मार्क एग्झिट’मधून आधार ओटीपीने ती स्वतः भरता येते. मात्र ती कंपनीने सेवा संपवताना दिलेल्या पत्रातल्या तारखेशी जुळलीच पाहिजे.

कामगार कायद्याचं काम, परळ

पत्रात कोणता शब्द आहे ते आधी बघा. छाटणी, प्रोबेशननंतर कायम न करणं, कराराची मुदत संपणं आणि बडतर्फी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. घाबरलेला माणूस चारही ठिकाणी ‘मला काढलं’ म्हणतो आणि विनाकारण स्वतःवर डाग ओढवून घेतो. छाटणीत तुमच्या कामावर ठपका नसतो. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला छाटणीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन देणं बंधनकारक होतं. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. अशी भरपाई मिळाली असेल तर तो हिशेबाचा कागद जपा, छाटणीचा तोच पुरावा.

‘राजीनामा दे, नाहीतर काढतो’ असं सांगितलं गेलं तर सही करण्याआधी ईमेलवर तीन गोष्टी लेखी मागा : कार्यमुक्ती पत्राची तारीख, हिशेब मिळण्याची तारीख, आणि पडताळणीला विचारलं तर एचआर कोणतं कारण सांगेल. सही झाल्यावर हे मिळवायला फार खेटे पडतात.

प्रकरण न्यायालयात असेल तर “बाब न्यायप्रविष्ट आहे, म्हणून तपशिलात जात नाही” एवढंच सांगा.

छोट्या आस्थापनांची भरती, भिवंडी

गोदाम, दुकान, छोटं वर्कशॉप इथे पत्रं मिळतच नाहीत. पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, ईएसआयसी (कामगार विमा) क्रमांक आणि ओळखपत्राचा फोटो ठेवा. इथे प्रश्न एकच असतो, ‘तिकडून का गेलास?’ कारण एका वाक्यात सांगा. मालक बहुतेक वेळा जुन्या मालकाला फोन करतातच.

पुन्हा अंधेरीहून, गैरवर्तनाच्या ठपक्याबद्दल

हे सर्वांत अवघड, आणि वर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आरोप काय होता, चौकशीत काय निघालं आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं, या क्रमाने बोला. हजेरीचा प्रश्न होता आणि कारण आता उरलेलं नाही, तर तसं स्पष्ट सांगा. पैशाच्या व्यवहाराचा ठपका असेल तर रोख हाताळायच्या जागांना अर्जच करू नका, तिथे कितीही चांगलं बोललात तरी गाडी अडते. आणि संदर्भासाठी नाव देताना काढणारा मॅनेजर सोडून दुसऱ्या विभागातला वरिष्ठ किंवा जुना ग्राहक निवडा. त्यांना आधी फोन करून विचारा, आणि मुलाखतीत तुम्ही जे कारण सांगितलंत तेच दोन ओळींत लिहून त्यांना पाठवा.