हरभऱ्याची उभी झाडं वाळतात. सेंद्रिय रानात फेरपालट कशी बसवावी?

प्रश्न (मोहोळ): मध्यम काळं रान, तीन एकर, जिरायत. सलग तीन वर्षं खरिपात उडीद, रब्बीला विजय हरभरा. बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) लावतो, तरी घाटे भरताना जागोजागी झाडं वाळतात. एक वर्ष ज्वारी घेतली तर थांबेल का? कृपया मदत करा.

उत्तर (बार्शी): दादा, आधी रोग ओळखा. वाळतं झाड उपटून खोडाचा खालचा भाग उभा चिरा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर मर रोग. सोटमूळ कोरडं, ठिसूळ, उपटताना तुटून मातीतच राहत असेल आणि बारीक मुळ्या झडल्या असतील तर मुळकूज. विजय हे वाण मर रोगाला चांगलं तोंड देतं आणि तुमची झाडं उशिरा, ओल सरल्यावर वाळतात, म्हणून मला मुळकुजीचीच शंका जास्त येते.

हे महत्त्वाचं अशासाठी, की मुळकुजीचीच बुरशी ज्वारीवर खडखड्या (खोड आतून पोकळ होऊन ताटं लोळवणारा रोग) आणते. नुसत्या ज्वारीने ती रानातून जात नाही. मर असेल तर ज्वारीचा उपयोग होतो, पण मर रोगाची बुरशी मातीत पाच-सहा वर्षं तग धरते. एका वर्षाने भागणार नाही.

रानाचे तीन भाग करा: एकात ताग गाडून मालदांडी ज्वारी, दुसऱ्यात मुगानंतर करडई, तिसऱ्यात उडदानंतर हरभरा. दरवर्षी भाग पुढे सरकवा. ताग एकरी २०-२५ किलो, ४०-४५ दिवसांनी, फुलावर येताच गाडा. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली तर आधीच गाडा. वाळून चिपाड झालेला ताग कुजत नाही, वाळवी लागते आणि ज्वारीची ओलही जाते.

उत्तर (मंगळवेढा): बीजप्रक्रिया एकटी पुरत नाही. एकरी २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा आणि शेवटच्या कुळवणीआधी पसरा. पेरणी १० ऑक्टोबरच्या आत उरका. मुळकूज असेल तर उशिराचा हरभरा ओल तुटताना, घाटे भरायच्या वेळी रोगाला सापडतो.

प्रश्न (मोहोळ): रोगट हरभऱ्याचं भुसकट उकिरड्यात टाकलं तर चालेल?

उत्तर (बार्शी): नको, खतातून बुरशी परत रानात येते. धसकटंही वेचून बाहेर काढा. कुळवणी चांगल्या भागातून सुरू करा, रोगट भाग शेवटी, आणि कुळवाच्या फासाला चिकटलेली माती तिथेच झाडा.