मदत हवी आहे: मुंबई-लंडन विमानात नक्की किती तास? (आईच्या इन्सुलिनची वेळ)

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आई ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लंडनला जाते आहे. वय ६८, साताऱ्याबाहेर फारशी न राहिलेली, आणि प्रवास एकटीने. विमान थेट आहे, तेवढाच दिलासा. तिला रोज रात्री साडेनऊला इन्सुलिन घ्यावं लागतं, म्हणून तासांचा हिशोब पक्का हवा आहे.

तिकिटावर मुंबईहून दुपारी १:१५ ला निघून हीथ्रोला संध्याकाळी ६:२० ला पोचेल असं आहे. म्हणजे पाच तास? नेटवर अंतर सुमारे ७,२०० किमी दिसतं. ताशी ९०० ने भागलं तर आठ तास येतात. डिसेंबरात परतताना हीथ्रोहून रात्री ८:३० ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११ ला. तिथे तर साडेचौदा तास दिसतात! नक्की काय धरायचं? रात्रीचे साडेनऊ तिने कुठल्या घड्याळाने मोजायचे?

प्रतिसाद १

ताई, तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, त्यानंतर साडेपाच तास. म्हणून जाताना ५ तास ५ मिनिटांत साडेचार मिळवा: ९ तास ३५ मिनिटं. येताना साडेचौदातून साडेपाच वजा करा: ९ तास.

७,२०० किमी हे नकाशावरचं सर्वांत जवळचं अंतर. ती रेघ पाकिस्तान आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, त्यामुळे वळसा पडतोच. शिवाय दहा-अकरा किमी उंचीवर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

आता मुख्य मुद्दा. भारतीय वेळेनुसार आई रात्री १०:५० ला उतरतील, म्हणजे साडेनऊला त्या विमानातच असतील. हातातलं घड्याळ उतरेपर्यंत बदलू देऊ नका. लंडनला पोचल्यावर नेहमीची वेळ तिथल्या संध्याकाळी ५ ला येईल, ती हळूहळू कशी सरकवायची हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. अंदाजाने काही करू नका.

प्रतिसाद २

इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकू नका, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. पेन, सुया, डॉक्टरांचं पत्र आणि खायला काहीतरी, सगळं हातातल्या पिशवीत. व्हीलचेअर विमान कंपनीला आधीच कळवून ठेवा. हीथ्रोवर चालणं बरंच आहे आणि सोबतचा माणूस इमिग्रेशनपर्यंत नेतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भारतीय वेळेचा हा हिशोब घेऊन उद्याच डॉक्टरांकडे जाते. अजून एक: साडेनऊला टोचायचं तर हवाई सुंदरीला आधी सांगून ठेवावं का? आणि वापरलेली सुई विमानात कुठे टाकतात? कुणी आईवडिलांना असं पाठवलं असेल तर कृपया सांगा.