भारतातील सर्वांत उंच शिखर कोणते, आणि बुग्याळांचा प्रदेश कोठून सुरू होतो?

गुहागरकर
नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. तिच्या एका पुस्तकात भारतातील सर्वांत उंच शिखर के२ (८,६११ मीटर) असे दिले आहे, दुसऱ्या पुस्तकात कांचनगंगा (८,५८६ मीटर) आहे आणि एका सराव प्रश्नपत्रिकेच्या उत्तरात नंदादेवी (७,८१६ मीटर) आहे. यांपैकी बरोबर कोणते धरावे? दिवाळीच्या सुट्टीत तिला उत्तराखंडातील एखादे बुग्याळ, म्हणजे उंचावरचे, झाडे नसलेले अल्पाइन कुरण, दाखवण्याचा विचार आहे. त्यावरून तिने विचारले की, आपल्या घरामागच्या सड्यावरही (कातळाच्या पठारावरही) झाडे नाहीत आणि पावसाळ्यात तोही फुलांनी भरतो, मग त्याला अल्पाइन प्रदेश का म्हणत नाहीत? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

खाडीकाठ
तिन्ही उत्तरे आपापल्या प्रश्नापुरती बरोबर आहेत, त्यामुळे प्रश्नाचे शब्द नीट वाचायला तिला सांगावे. के२ काराकोरम रांगेत, पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मीरमध्ये आहे. भारत तो भाग आपला मानत असल्याने आपल्या नकाशाप्रमाणे सर्वांत उंच शिखर तेच ठरते. प्रत्यक्ष ताब्यातील भूभागाचा विचार केला तर कांचनगंगा पहिले येते, मात्र ते सिक्कीम आणि नेपाळच्या सीमेवर आहे. संपूर्णपणे भारताच्या हद्दीत असलेले सर्वांत उंच शिखर असे विचारले असेल, तर उत्तर नंदादेवी, आणि तिच्याखालोखाल गढवालमधीलच कामेत (७,७५६ मीटर) येते.

आकड्यांबरोबर तिला आणखी एक गोष्ट अवश्य सांगा. १९५५ साली ब्राउन आणि बँड हे दोघे गिर्यारोहक कांचनगंगेवर सर्वप्रथम पोहोचले, पण सिक्कीमच्या लोकांना ते शिखर पवित्र आहे म्हणून दिलेला शब्द पाळून ते माथ्याच्या काही फूट अलीकडेच थांबले. मला तरी ते थांबणे चढाईइतकेच मोठे वाटते. नंदादेवीवर १९३६ मध्ये टिलमन आणि ओडेल पोहोचले होते. तिच्या भोवतालचे अभयारण्य मात्र निसर्गाची हानी होऊ लागल्याने १९८३ पासून गिर्यारोहकांना बंद आहे.

कातळफूल
सड्याविषयीचा प्रश्न मला फार आवडला, कारण अल्पाइन या शब्दाचे सगळे मर्म त्यातच आहे. नुसती उंची किंवा नुसते उघडे गवत यांवरून अल्पाइन प्रदेश ठरत नाही. थंडीमुळे झाड वाढूच शकत नाही अशी जी रेषा डोंगरावर असते, तिच्या वरचा भाग म्हणजे अल्पाइन. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते आणि एका उंचीनंतर उन्हाळ्यातील ऊबही झाडाला खोड वाढवण्यास पुरत नाही. पश्चिम हिमालयात ही वृक्षरेषा साधारण ३,३०० ते ३,६०० मीटरवर येते. विषुववृत्ताच्या थोडे जवळ असलेल्या सिक्कीमकडे ती आणखी वर सरकते. त्यामुळे १,६४६ मीटरचे कळसूबाईच काय, दक्षिण भारतातील सर्वांत उंच, २,६९५ मीटरची अनाईमुडीसुद्धा या रेषेच्या खालीच राहते.

आपल्या सड्यावर झाड नसण्याचे कारण थंडी नसून जांभा आहे. कातळावर मातीचा थर वीतभरही नसतो. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते आणि उन्हाळ्यात तोच कातळ तापून निघतो. म्हणून तेथे ‘सीतेची आसवे’ या फुलझाडासारखी एका पावसापुरती जगणारी रोपे तग धरतात. पण त्याच सड्यावर सुरुंग लावून खड्डा काढला आणि त्यात माती भरली की हापूसचे कलम जोमाने वाढते, हे आपल्या मुलीने डोळ्यांनी पाहिलेले असेलच. बुग्याळावर माती चांगली काळी आणि खोल असली तरी झाड होत नाही. फरक तिला एवढ्यावरून कळेल.

उकडा तांदूळ
आम्ही दयारा बुग्याळाला (सुमारे ३,४०० मीटर) गेलो होतो, त्यातून दोन गोष्टी सांगतो. सवयीप्रमाणे आम्ही घरचे उकडे तांदूळ बरोबर नेले होते. ३,००० मीटरच्या आसपास पाणी सुमारे ९० अंशांवरच उकळत असल्यामुळे तासभर चुलीवर ठेवूनही भातात कणी राहिली. कुकर न्यावा किंवा साधे तांदूळ न्यावेत. दुसरे म्हणजे, आपण समुद्रसपाटीवरची माणसे, म्हणून वाटेत एक-दोन मुक्काम करूनच वर जावे. माझ्या भावाने घाई केली आणि रात्रभर डोकेदुखी व मळमळ सोसली. सकाळी खाली उतरल्यावरच त्याला बरे वाटले. बुग्याळावर रात्री राहण्यास उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली आहे, तेव्हा तंबू खालच्या जंगलातच पडतो. फुले मात्र जुलै-ऑगस्टमध्ये असतात. दिवाळीपर्यंत गवत पिवळे पडलेले असेल.

गुहागरकर
सर्वांचे मनापासून आभार. ऑगस्टमध्ये शाळा आणि पुढे गणपती, त्यामुळे फुले यंदा जमणार नाहीत. पण वृक्षरेषेवर कोणती झाडे शेवटची असतात, हे कोणी सांगितले तर मुलीला ती दाखवता येतील.

कातळफूल
बहुतेक ठिकाणी भूर्ज, म्हणजे ज्याच्या सालीचे भूर्जपत्र होत असे ते झाड. दिवाळीत पाने झडलेली असतील, पण कागदासारखे पापुद्रे सुटलेली पांढुरकी साल दुरूनही ओळखू येते. त्याच्या वर चढले की बुटकी झुडपे आणि गवत एवढेच असते.