मदत हवी आहे: घरी बनवलेल्या व्हॅक्यूम चेंबरची पहिली चाचणी कशी करावी?

फणसकाम (सावंतवाडी)
नमस्कार. फणसाच्या लाकडातील भेगा इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या द्रव राळेने) भरताना बुडबुडे राहतात, म्हणून आतील हवा ओढून ते काढण्यासाठी स्टीलच्या टोपावर सिलिकॉनची रिंग आणि ॲक्रिलिकचे झाकण बसवून व्हॅक्यूम चेंबर तयार केला आहे. एसी दुरुस्तीवाल्यांकडून पंप दोनच दिवसांसाठी मिळाला आहे. व्हॅक्यूम मोजणारा काटा कुठवर न्यावा आणि किती वेळ थांबावे, एवढेच कृपया लवकर सांगावे.

जुना_फिटर (रत्नागिरी)
टोपाचा व्यास किती, झाकण किती जाड, आणि नळी कुठे जोडली आहे? हे कळल्याशिवाय काट्याचा आकडा सांगणे मला धोक्याचे वाटते.

आंबाबाग (देवगड)
झाकणाचा खटाटोप कशाला? जुना कुकर घ्यावा. माझा दोन वर्षे विनातक्रार चालू आहे.

जुना_फिटर
कुकर आतून बाहेर ढकलणाऱ्या दाबासाठी बनवलेला असतो. येथे दाब बाहेरून आत येतो आणि पातळ भिंत त्याखाली अचानक चेपते. आपला टिकला याचा आनंद आहे, परंतु दुसऱ्याला तो सल्ला देऊ नये.

फणसकाम
टोप 30 सेंटिमीटरचा, झाकण 8 मिलिमीटरचे. फिटिंगसाठी झाकणाच्या मध्यभागी दोन भोके पाडली आहेत. काल पंप थोडा वेळ लावला होता. काटा 400 मिलिमीटरवर गेला तेव्हा झाकण बशीसारखे खोल दिसू लागले आणि 'कट्' असा आवाज आला. लगेच बंद केला. आज उजेडात धरून पाहिले, तर एका भोकाच्या कडेपासून केसाएवढी रेघ निघालेली आहे.

जुना_फिटर
ते झाकण पुन्हा लावू नका, ही कळकळीची विनंती. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 707 चौरस सेंटिमीटर आहे आणि पूर्ण व्हॅक्यूमला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 1.03 किलो, म्हणजे एकूण सुमारे 730 किलोचा भार येतो. काट्यावर पूर्ण व्हॅक्यूम म्हणजे पाऱ्याचे 760 मिलिमीटर, म्हणून 400 वरच त्याचा निम्मा भार आला होता, आणि भोकाच्या कडेला ताण दुपटीहून अधिक होतो. झाकण 20 ते 25 मिलिमीटरचे, बिनभोकाचे घ्यावे आणि नळी टोपाच्या बाजूला जोडावी. ॲक्रिलिक थिनरने किंवा स्पिरिटने पुसू नये, कारण त्याने बारीक भेगा पडतात.

चाचणीसाठी पंप लागतच नाही. विहिरीत पाणी फार खाली असेल, तर काठावरचा पंप ते ओढत नाही, हे आपण सारेच जाणतो. तोच नियम येथे वापरावा: खाली लोंबणारे पाणी स्वतःच्या वजनाने वर व्हॅक्यूम निर्माण करते, आणि पूर्ण व्हॅक्यूमला सुमारे 10.3 मीटर पाणी लागते. टोप काठोकाठ पाण्याने भरून, हवा न ठेवता झाकण बसवावे आणि आत न चेपणारा, पाण्याने भरलेला सक्शन पाइप उतारावर, उभ्या उंचीने मोजून, 9 मीटर खाली न्यावा. खालचे टोक बादलीतील पाण्यात बुडवून तेथील कॉक उघडावा, की जवळजवळ सात-अष्टमांश भार येतो. झाकण तडकले तरी आत पाणी असल्याने तुकड्यांना उसळायला जागा राहत नाही, आणि कॉक उघडणारा दूर असतो.

आंबाबाग
एवढे कशासाठी? चष्मा घालावा, वर गोणपाट टाकावे, झाले.

जुना_फिटर
गोणपाट टाकले की झाकण दिसत नाही, आणि चाचणीत तेच तर पाहायचे असते. पाण्याच्या चाचणीत रिंग गळत असेल, तर तेथून आत आलेली हवा झाकणाखाली बुडबुडा होऊन जमताना स्पष्ट दिसते.

समुद्रकाठ (मालवण)
इपॉक्सी किंचित कोमट करून ओतल्यास ती पातळ होते आणि बुडबुडे कमी होतात. पावसाळ्यात लाकूड नीट वाळलेले असावे.

फणसकाम
आभारी आहे, काका. पंप परत केला. घरामागच्या उतारावर दोर सोडून मोजले, 9 मीटर सहज मिळतात. चाचणी किती वेळ ठेवावी?

जुना_फिटर
किमान एक तास. त्याआधी आणि नंतर टोपाच्या तळावर बाहेरून मोजपट्टी आडवी धरून पाहावी. पातळ सपाट तळ आत दबतो. नंतरच्या वेळी पट्टीखालची फट वाढलेली दिसली, तर तो टोप या कामाचा नाही.